आमच्या घरात नसलेल्या वन्सं

मला बहीण नाही. आईला मी एकुलता एक. तरीही माझ्या बायकोला एक नणंद होती. ती आठवडाभर अलिबागेस राहिली, तिने किल्ले पाहिले, देवळे पाहिली आणि खाऱ्या वाऱ्याने नाक गळत ती घरी परतली. ती नणंद मीच. हे वाक्य लिहायला माझी निम्मी हयात गेली. तुम्ही ते एका दमात वाचून टाकले असेल. चालायचेच.

तेव्हा मी खालापूरच्या कचेरीत कारकून होतो. लग्नाला बरीच वर्षे झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आईने शेलूची एक मुलगी मनात धरली होती. दुसरी बायको करणे तेव्हा कोणाला वावगे वाटत नसे. बैल चालेना, दुसरा आणा, इतके ते सरळ. आई हा विषय माझ्यापाशी काढी, शेजारणींपाशी काढी आणि सुनेच्या देखत, भाजी निवडता निवडता काढी. फक्त सुनेला त्याबद्दल काय वाटते ते विचारायचे कोणाला सुचले नाही. मलाही नाही. दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन वाक्ये बोलणारी सून आमच्या आळीत अजून जन्माला यायची होती. रात्री म्हणाल तर मधल्या दारात आई झोपे, आणि तिची झोप फार सावध असे.

शेवटी कोणीतरी सुचवले, की अलिबागेला समुद्रातल्या किल्ल्यात जागृत गणपती आहे, त्याला नवस बोलून या. आईने परवानगी दिली, पण कचेरीतल्या साहेबासारखी, अट घालून. "एवढा देव करून ये. दिवस गेले तर माझ्याइतका आनंद कोणाला नाही. पण संक्रांतीपर्यंत काही नाही झालं, तर मग माझं ऐकायचं." बायको तेव्हा आतल्या दाराशी परातीत पीठ मळत होती. पीठ मळण्याचा आवाज थांबला होता, हे माझ्या लक्षात आले होते. लक्षात येण्यात मी नेहमीच पटाईत.

आता मूळ गोष्ट. कर्जतच्या गणेशोत्सवात जी नाटके होत त्यांत स्त्रीपार्ट माझा असे. त्यासाठी मी केस राखले होते आणि कचेरीत ते रुमालाखाली दडवत होतो. रंगमंचावर मी पदर सावरला की पुढच्या रांगेतले वकील माना डोलावत. तेच वकील मला तसे रस्त्यात पाहते तर फौजदाराला बोलावते. कला म्हणतात ती पडद्याच्या अलीकडे असते. पलीकडे तिलाच विकृती म्हणतात, आणि माणसे तीच असतात.

बायकोला मी कारण दिले ते असे: अलिबागेत एक म्हातारी विधवा बाई यात्रेकरूंना खोली देते, पण फक्त बायकांना. मी पुरुष म्हणून आलो तर मला धर्मशाळेत निजावे लागेल, तू एकटी पडशील. मी बाईच्या वेषात, तुझी नणंद म्हणून आलो तर सोय होईल. कारण खोटे नव्हते. म्हातारीची अट खरोखरच होती. पण धर्मशाळेत आठवडा काढल्याने आजवर कोणी मेलेले नाही, हेही तितकेच खरे. मला लुगडे नेसून उन्हातून चालायचे होते, दिव्यांच्या उजेडात नव्हे. खऱ्या रस्त्याने, खऱ्या लोकांतून. हे मी कोणालाच सांगितले नाही. बायकोच्या सोयीसाठी म्हणून निघालो, आणि उपकार केल्याचा चेहरा मी सबंध वाटभर मिरवला.

दिवाळी उलटल्यावर निघालो. पेणच्या अलीकडे मोटार सोडली आणि एका ओस देवळाच्या ओवरीत मी कपडे बदलले. चोळी नाटकातली, लुगडे तिचे, नथ चापाची. ती बाहेर पाठ करून राखण करत होती. वळली आणि तोंडाला पदर लावून खाली बसली.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही. सासूबाई आठवल्या," ती म्हणाली. "थेट त्याच. फक्त दात शाबूत आहेत."

पुढे बैलगाडी ठरवली. गाडीवान मागे वळून वळून पाहत होता. "मागल्या अंगाला बसा, बाई. तुमी जरा जड हाय, बैलाला बरं नाय पडत," तो मला म्हणाला. बायकोचे खांदे हलत होते. धरमतरच्या खाडीवरच्या होडीपर्यंत ते हलायचे थांबले नाहीत.

पहिले दोन दिवस माझी सारी कला समुद्रात बुडाली. रंगमंचावर मी दहा पावले चालून आत जात असे. इथे दिवसभर चालायचे होते. "वन्सं," ती हळूच म्हणे, "ठाकूरवाडीहून मोळी घेऊन निघाल्यासारख्या ढांगा टाकताय. कोणी सरपण मागेल." पहाटे म्हातारी विहिरीवर गेली, की बायको तांब्यात पाणी आणी, आरसा धरी आणि मी दाढी करी. वस्तरा लागला तर ती मला हळद लावी. "नणंदबाईंचं तोंड फार नाजूक," असे वर म्हातारीला सांगे, "उन्हानं चट्टे उठतात."

आणि बाकीचा इतिहास! चौलचे रामेश्वर झाले, रेवदंड्याचा फिरंग्यांचा पडका कोट झाला, तिथला उंच बुरूज झाला. इतिहास हा माझा आवडता विषय. आरमार, सरखेल, फिरंगी, कोणाची तोफ कोणावर रोखलेली, हे सगळे मला पाठ, आणि खालापूरच्या वाचनालयात मी त्यावर एकदा व्याख्यानही ठोकले होते. रेवदंड्याला एक गृहस्थ आपल्या पाहुण्यांना कोट दाखवत होते. आम्ही जरा जवळ सरकलो, तर ते म्हणाले, "बाई, देऊळ तिकडे आहे. तोफा बघून तुम्हाला काय करायचंय?" वर पाहुण्यांना त्यांनी कोट बांधणाऱ्यांचे नावही चुकीचे सांगितले. मला ते ओठांवर आलेले गिळावे लागले. बायको म्हणाली, "गिळा, वन्सं. सवयीनं जमतं." हे म्हणताना ती हसली नव्हती.

पण तिसऱ्या दिवसापासून काहीतरी फिरले. आम्ही बरोबरीने चालू लागलो. लग्नानंतर मी पुढे आणि ती मागे, यापलीकडे आम्ही कधी चाललो नव्हतो. आता दोन बायका, कोण कशाला पाहतो? वाळूत बसून आम्ही पोहे खाल्ले. ती बोलत सुटली. तिच्या माहेरच्या विहिरीबद्दल, एका मेलेल्या गाईबद्दल, आमच्या आईच्या घोरण्याबद्दल. मला तिच्या आवाजातला निम्मा भाग नवाच होता. बायको इतकी विनोदी आहे हे मला नणंद झाल्यावर कळले. नवरा असताना कळायला वावच नव्हता.

किल्ल्यात जायचे आम्ही शेवटी ठेवले होते. ओहोटीला पाणी हटले, की वाळूतून चालत जाता येते. आम्ही दोघे पाताळगंगेच्या काठचे लोक. आमच्या नदीला पाणी चढले की ते दिवसभर चढते, उतरले की उतरते, आणि मध्ये माणसाला विचार करायला वेळ मिळतो. समुद्र रोज, आणि तोही घड्याळ लावल्यासारखा, परत येतो हे आम्हाला ऐकून ठाऊक होते. पण अंगी लागलेले नव्हते. नवस झाला, प्रदक्षिणा झाल्या, गुरवाच्या बायकोशी गप्पा झाल्या, आणि दरवाजात येऊन पाहतो तर समोर पाणीच पाणी.

"आता बसा निवांत," गुरवाची बायको म्हणाली. "खालापूरकडची माणसं ना? घाटाच्या पायथ्याची माणसं इथं नेहमी अडकतात. पाणी जाईल तेव्हा जाईल." तिने आम्हाला हळदीकुंकू लावले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बायकोला म्हणाली, "नणंदबाई भलत्या उंच हो तुमच्या!"

"त्यांच्या घरात सगळेच उंच," बायको म्हणाली. "बोलायच्या वेळेला तेवढे दिसेनासे होतात."

आम्ही तटावर जाऊन बसलो. चहूकडे पाणी. उठून जायला जागा नाही, सावध झोपणारी आई नाही, कचेरी नाही. ती बराच वेळ पदराची गाठ सोडत, बांधत राहिली.

"वन्सं, एक विचारू?"

"विचार की गं."

"तुमचे भाऊ शेलूच्या मुलीला हो म्हणणार आहेत का?"

माझ्या तोंडून आपोआप वन्संचे उत्तर आले. "विचारते त्याला."

"विचारू नका, सांगा. तुमचं ऐकतील. सासूबाईही ऐकतील. माहेरी आलेल्या मुलीला कोणी उलटून बोलत नाही, सुनेचं कोणी ऐकून घेत नाही." ती समुद्राकडे पाहूनच बोलत होती. "सांगा, की मला सवतीची भीती नाही. कामाला दोन हात वाढतील. पण आता ते निदान मी ताटात काय वाढलं ते बघतात. ती आली की तेही बघायचे बंद होतील. मग मी त्या घरात कोण? आणि आणखी एक सांगा. वैदूकडे मी किती वेळा गेले, काय काय कडू प्याले, ते त्यांना माहीत आहे. एकदा त्यांनीही जावं. एवढंच."

मी नवरा म्हणून बसलो असतो, तर हे ऐकून रागावलो तरी असतो किंवा उठून तरी गेलो असतो. वन्सं उठून गेल्या नाहीत. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "सांगते," त्या म्हणाल्या. "आईला तोंडावर सांगते, की या घरात दुसरी आणायची नाही. माझ्या भावालाही सांगते, की आधी तू वैदूकडे जा. बघतेच कोण नाही म्हणतं ते." शब्द असे सरसर येत होते, की मला माझेच नवल वाटले. तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले. भर दिवसा, गुरवाच्या बायकोच्या देखत. खालून जाता जाता गुरवाची बायको म्हणाली, "अशी नणंद मिळायला पुण्य लागतं." पाणी ओसरेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो.

निघताना म्हाताऱ्या घरमालकिणीनेही तिला विचारले, "नणंद बरी आहे गं तुझी. भाऊही असाच आहे का?"

"त्यांची अजून ओळख व्हायची आहे," बायको म्हणाली.

परतीच्या वाटेवर त्याच ओवरीत मी धोतर नेसलो, कोट चढवला, केस रुमालात कोंबले. बाहेर आलो तर ती माझ्याकडे पाहून हसली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, "चल लवकर, मोटार चुकेल," आणि पुढे झालो.

संक्रांत आली, गेली. आईने जेवताना विषय काढला. "शेलूहून माणूस आला होता. काय सांगू?" आतल्या दाराशी ती उभी होती. मला तिची बोटे दिसत होती, चौकटीवर. तटावर जे घडाघड बोललो होतो, ते सगळे मला पाठ होते. इतिहासासारखेच पाठ. मी कढी भुरकली आणि म्हणालो, "पाहू."

आमच्या घरात पुरुष कधी हो म्हणत नाहीत, पाहू म्हणतात. त्याचा अर्थ लग्नाच्या तयारीला लागा असा होतो. बोटे चौकटीवरून गेली.

पुढचे थोडक्यात. शेलूची मुलगी आली. गुणाची निघाली. देवाने दोघींना अगदी सारखे वागवले. तिलाही मूल झाले नाही. मी वैदूकडे गेलो नाही, कचेरीत कामे फार असत. दोघी आज एका चुलीवर नांदतात आणि एकमेकींशी पुष्कळ बोलतात, हसतात. मी ओसरीवर पाय ठेवला की गप्प होतात. नाटक मी सोडले, केस कापले. लुगडे पुन्हा नेसलो नाही. नेसावेसे वाटले नाही असे म्हणणार होतो, पण इतके लिहिल्यावर आता खोटे कशाला? वाटले. अजून वाटते.

लग्नातले एक सांगायचे राहिले. खरे तर तेच सांगायचे टाळत इथवर आलो.

हळद लागत होती. भटजी म्हणाले, "करवली कोण? नवऱ्याच्या बहिणीला बोलवा." आई म्हणाली, "त्याला बहीण कुठली? शेजारच्या मुलीला उभी करा." धावपळ सुरू झाली. बायको हळदीचे ताट घेऊन माझ्याजवळ आली. चार लोकांत ती माझ्याशी प्रथमच बोलत होती, आणि इतक्या हळू, की फक्त मला ऐकू यावे.

"वन्संना बोलावणं नाही गेलं?"

ती थट्टा करत नव्हती. तिच्या डोळ्यांत अजून थोडी आशा होती, हे मला स्पष्ट दिसले. मी आधीच सांगितले, लक्षात येण्यात मी पटाईत. आजूबाजूला आई होती, भटजी होते, शेलूची मंडळी होती.

"कोण वन्सं?" मी म्हणालो.

 "चुकले," ती म्हणाली. मग शेजारची मुलगी आली, तिला काय करायचे ते ठाऊक नव्हते. बायकोने ताट खाली ठेवले, करवलीचा करा पाण्याने भरला, त्यावर नारळ नीट बसवला आणि त्या मुलीच्या हातात दिला.

"दोन्ही हातांनी धर," ती तिला म्हणाली. "आणि नवऱ्याच्या मागंच उभी राहा. हलू नकोस."