हवेवर ढकललेलं दुखणं

सुनंदामावशी घरातही सरकारी फायलीच्या भाषेत बोलायच्या. नळ गळत राहिला की वसंतकाकांना म्हणायच्या, "अहो, हे तिसरं स्मरणपत्र. यानंतर थेट कारवाई." दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच माफी मागत उभी राहिले. गाडीला उशीर झाला, तुम्हाला त्रास, वसतिगृह मिळालं की लगेच जाईन, असं बरंच काही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रस्तावना संपली? मग मुद्द्यावर ये. जेवलीस का?"

वसतिगृह मिळालं नाही. मी त्यांच्याकडेच राहिले. त्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, पण दिल्लीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या. गावातल्या माझ्या शिक्षिकेची ही मैत्रीण. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रत्येक फॉर्म भरताना मी एकच रकाना चारदा विचारायचे. मावशी म्हणायच्या, "घाबरतेस काय, यार? भरणारा आणि तपासणारा, दोघांनाही संध्याकाळी घरीच जायचं असतं."

त्या हिवाळ्यात मात्र मावशी बदलल्या. डिसेंबरात काका माकडटोपी घालून बसायचे आणि त्या पंखा लावायच्या. झोप नव्हती. एकदा माझ्या हातून दूध उतू गेलं, तर त्यांनी चमचा ओट्यावर आपटला आणि पाचच मिनिटांनी माझ्या खोलीत येऊन रडल्या. पुढे पुढे त्या चिडेनाशाही झाल्या. ते मला जास्त भीतिदायक वाटलं. नळ पुन्हा गळू लागला, पण स्मरणपत्र निघालं नाही.

दिल्लीत हिवाळ्यात काहीही झालं तरी लोक हवेकडे बोट दाखवतात. काकांनीही तेच केलं. सकाळी उठल्याबरोबर फोनवर प्रदूषणाचा आकडा बघायचे. "आज तीनशे नव्वद! सुनंदा, म्हणून तुला असं होतंय." त्यांनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली, हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं आणि ते मावशींच्या पलंगाशी ठेवलं. लिफ्टमध्ये शेजारणीही सांगायच्या, "पॉल्यूशन है जी, हमारा भी सिर भारी रहता है." मावशी मान हलवायच्या. त्यांनाही ते खरंच वाटत होतं. काका मायेनंच करत होते, हे मला दिसत होतं.

जानेवारीच्या शेवटी मावशींनी मला बोलावलं. "चलो, हे टाईप करून दे. माझी नजर ठरत नाही." तो स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता, तीन महिन्यांच्या नोटिशीचा. कारण: व्यक्तिगत. त्यांची नऊ वर्षांची नोकरी शिल्लक होती.

"मावशी, पण तुम्हाला तर काम आवडतं," मी चाचरत म्हणाले.

"आवडायचं. आता समोरचा कागद तीनदा वाचते आणि काही शिरत नाही. लोकांनी हाकलण्याआधी आपणच उठावं."

मी अर्ज टाईप करून दिला. त्याबद्दल मला अजून वाईट वाटतं.

फेब्रुवारीत दोन दिवस जोराचा वारा सुटला आणि आकाश निळं झालं. रविवार होता. काका फोन घेऊन धावत आले. "सत्तर! सुनंदा, सत्तर!" त्यांनी चिकटपट्ट्या उपटून सगळ्या खिडक्या उघडल्या. मावशी टेबलाशी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या पुसतही नव्हत्या.

"हवा चांगली आहे ना आज?" त्यांनी काकांना विचारलं. "मग हे काय आहे?"

काकांनी पुन्हा फोनकडे बघितलं. मी धीर केला. "मावशी, तुमची पाळी बंद झाली का?"

काका एकदम यंत्राची जाळी पुसायला लागले. मावशी म्हणाल्या, "आठ महिने आलेली नाही. त्याचं काय?"

"आमच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात एक परिच्छेद आहे. पाळी जायच्या काळात काही बायकांना नैराश्य येतं. त्यावर उपचार असतात. पण मला परीक्षेपुरतंच येतं."

"मग परीक्षेपुरतं सांग," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कोथिंबीर बाजूला सारली.

त्या दुपारी त्यांनी एका पानाची टिपणी लिहिली. विषय, पार्श्वभूमी, झोप, घाम, रडणं, कधीपासून. पहिल्या डॉक्टरांनी ती बघितलीसुद्धा नाही. "इस उम्र में होता है. भगवान में मन लगाइए."

मावशी म्हणाल्या, "इतवार को चर्च जाती हूँ, डॉक्टरसाहब. बाक़ी छह दिन का बताइए."

दुसरीकडे गेलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी टिपणी दोनदा वाचली, रक्त तपासायला सांगितलं, औषध सुरू केलं आणि दर आठवड्याला समुपदेशकाकडे बोलायला पाठवलं. लगेच बरं वाटलं असं नाही. काही सकाळी त्या म्हणायच्या, "आजचा दिवस नामंजूर," आणि तरी अंघोळीला जायच्या. काकांनी हवेचा आकडा सांगणं सोडलं. त्याऐवजी विचारायला लागले, "आज कसं आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायला शिकले.

एप्रिलमध्ये मावशींनी अर्ज मागे घेतला. त्यासाठी कारण द्यावं लागतं. त्यांनी स्वच्छ लिहिलं: रजोनिवृत्तीच्या काळातील नैराश्य, उपचार चालू, काम करण्यास सक्षम. ऑफिसातला बाबू कुजबुजला, "मैडम, इतना लिखने की क्या ज़रूरत है?"

"बिल्कुल ज़रूरत है. मेरे बाद जो आएगी, उसे झूठ न लिखना पड़े."

अर्ज मागे घ्यायला मंजुरी मिळाली. तरी मेमधला तो सोमवार मला आठवतो. अर्ज तसाच राहिला असता तर त्या दिवसापासून मावशी नोकरीत नसत्या. नेमकी तीच सकाळ वाईट निघाली. आठ वाजले तरी त्या पलंगाच्या कडेवर बसून होत्या, एक पाय चपलेत, एक जमिनीवर. काका म्हणाले, "रजा टाक. हक्काची आहे."

"नोकरीही हक्काची आहे. आज रजा नको." त्या आणखी वीस मिनिटं तशाच बसून राहिल्या. मग दुसरी चप्पल घातली.

संध्याकाळी त्या आल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता, साडी घामानं चिकटली होती. पाणी पिऊन झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "कसा गेला दिवस?"

"दोन फायली निघाल्या. दोनच." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पण दोन्हींवर माझी सही आहे, मनीषा. आणि सहीखाली आजची तारीख."