यातलं माझं कुठलं?

बोरीवलीच्या आमच्या बागेत एक काकू रोज संध्याकाळी चपला काढून बाकावर मांडी घालतात आणि पेपर पसरून मेथी निवडतात. नाव अजून माहीत नाही. पण देठ तोडता तोडता माझ्या टॅबमध्ये बिनधास्त डोकावतात.

परवा मी ऑनलाइन चॅलेंज करत होते यार! दुसऱ्या आर्टिस्टचं चित्र आपल्या स्टाइलमध्ये काढायचं. एकीने काढलेली खिडकीतली मुलगी मी आठवडाभर बदलत होते. गुलाबी केस, बशीएवढे डोळे, एकदम झकास! पाठवायचा शेवटचा दिवस होता. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून विचारलं, "काकू, यातलं माझं कुठलं? ओळखा ना."

त्यांनी मेथीच्या काडीने मूळ चित्र दाखवलं. "हे गं बाय."

"अहो, ते तिचं! माझं हे, गुलाबीवालं."

"असेल. पण तू रोज अशीच बसतेस, हनुवटीवर हात ठेवून. हिचो हात खंय गेलो?"

मूळ चित्रातला हनुवटीवरचा हात मीच उडवला होता, केसांना जागा हवी म्हणून. मग माझी स्टाइल नक्की कुठली? आणि जिने मला कधी पाहिलंच नाही, तिने मला काढलं कसं?

काकू मेथी गुंडाळून गेल्या. सबमिटचं बटण समोर होतं आणि माझा हात हनुवटीवर.