उजव्या बोल्टचा वॉशर

आमचे व्हर्नियरकाका सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर कॅलिपर ठेवत, अगदी लग्नाला जातानासुद्धा. मिलिमीटरच्या आतलं माप सांगणारी ती पोलादी पट्टी खिशातून अर्धी बाहेर डोकावत असे आणि समोर येईल ते काका तिच्या जबड्यात धरत, मग ती चकली असो की काकूंची बांगडी. ते कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत शेजारी राहायला आले, त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला काकूंनी आमच्याकडे खीर पाठवली. आईने धुऊन पाठवलेली वाटी काकांनी परत आणून दिली. "ही तुमची. आमची दोन मिलिमीटरने मोठी आहे," म्हणाले. आणि खरंच तसं निघालं.

पिंपरीच्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मोजायचे आणि पास की नापास ते सांगायचं. "चुकलंय हे तोंडावर सांगायचा मला पगार मिळतो," असं ते म्हणत. ही नोकरी ते घरीही करत, त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कुणी जात नसे. त्यांचा खास राग भोक जुळलं नाही की कानशीने घासून मोठं करणाऱ्या फिटरवर होता. "वरून मोठा वॉशर टाकतात, म्हणजे झाकलं जातं. बघणाऱ्याला कळत नाही, पण बोल्टला कळतं." पुढे कारखान्यात मोजमाप करणारं संगणकी यंत्र आलं आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली इच्छा कुणाची होती, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

व्हर्नियर वाचायला मला त्यांनीच शिकवलं. मी नववीत होतो. एका बोल्टची जाडी मी चुकीची सांगितली. "चुकलंय. परत." पुन्हा सांगितली. "चुकलंय. परत." असं चाळीस वेळा झालं. मी मोजत होतो म्हणून आकडा पक्का आठवतो. एक्केचाळिसाव्या वेळी त्यांनी नुसती मान हलवली आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं. माझ्या इंजिनिअर होण्यात क्लासवाल्यांपेक्षा त्या बोल्टचा हात मोठा आहे.

पुढे मी हिंजवडीत लागलो, वर्षभर परदेशी जाऊन आलो आणि येताना नसती खुळं घेऊन आलो. त्यातलं एक लाल, चपट्या बांधणीची, मागे पंख लावलेली छोटी स्पोर्टी गाडी. दुसरं खडकवासल्याच्या पाण्यात वल्हवायला मित्रांबरोबर भागीत घेतलेली जुनी होडी. तिकडे लोक असल्याच गाड्यांना मागे ट्रेलर जोडून होड्या नेतात, हे मी पाहिलं होतं. ट्रेलर मिळाला, पण तो ओढायचा हुक गाडीला बसवून द्यायला पुण्यात कुणी तयार होईना. एका गॅरेजवाल्याने गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "त्यापेक्षा होडीलाच चाकं का नाही लावत?" शेवटी मी काकांकडे गेलो.

शनिवारी सकाळी ते खाली आले, ते कारखान्याचा निळा गणवेश घालून. काकूंनी तो इस्त्री करून ठेवला होता. निवृत्तीनंतरच्या तीन वर्षांत त्यांना कुणी काही मोजायला बोलावलं नव्हतं. "हिला खाली चासीच नाही," गाडीखाली पाठीवर झोपून ते म्हणाले. "पत्र्याला पत्रा जोडलाय. हुकाची पट्टी बसवायची तर भोकं अचूक हवीत, नाही तर जोर एकाच बोल्टवर येईल." मी शेजारी झोपून बॅटरी धरली. त्यांनी उजव्या बाजूचं अंतर घेतलं, व्हर्नियर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. "बेचाळीस पॉइंट सहा. लिही."

मला सत्तेचाळीस पॉइंट सहा दिसत होतं. स्वच्छ दिसत होतं. "लिहिलं?" त्यांनी विचारलं. तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला आणि म्हणालो, "हो काका." आणि बेचाळीस लिहिलं.

दुपारी पट्टी तयार झाली. डावा बोल्ट बसला, उजवा जाईना. काकांनी तो काढून परत घालून पाहिला. मग मला म्हणाले, "वर जाऊन पाणी आण." मी तांब्या घेऊन आलो तेव्हा बोल्ट बसलेला होता, त्याच्याखाली एक मोठा वॉशर होता आणि फरशीवर लोखंडाचा बारीक कीस पडला होता. "कंपनीचा पत्राच वाकडा आहे," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्यांच्याकडे पाहू शकलो नाही.

ट्रेलर रस्त्यात सुटला तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याचं काय होईल, या विचाराने मला झोप लागेना. सांगितलं तर काकांचं काय होईल, हाही विचार होताच. मी भोसरीच्या एका वर्कशॉपमधून गुपचूप दुसरी पट्टी करवून घेतली आणि स्वतःच बसवली. तोच काळा रंग, तसाच आकार, भोकं मात्र बरोबर. दोघांचीही सोय केली, असं वाटून स्वतःवर थोडा खूशही झालो.

पुढच्या रविवारी होडी घेऊन निघायच्या आधी काका सवयीप्रमाणे गाडीखाली गेले. प्रत्येक बोल्टवर त्यांचा अंगठा फिरताना मला दिसत होता. उजव्या बोल्टवर तो थांबला. तिथे मोठा वॉशर नव्हता. वॉशर मी विसरलो होतो. ते बाहेर आले, हात पुसले. "चांगलं काम आहे," म्हणाले. "माप कुणी घेतलं?"

"तुम्हीच की काका."

"बरं," एवढंच म्हणून ते गाडीत बसले. खडकवासल्याला पोचलो. होडी पाण्यात गेली, पोरांनी आरडाओरडा केला, आणि ते काठावर खिशावर हात ठेवून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा खिशात पेन होतं.

दोन वर्षांनी काका गेले. भेटायला गेलो तेव्हा काकूंनी सांगितलं, "मोतीबिंदू होता रे. साधं ऑपरेशन. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी तारीखही दिली होती. तुझ्या होडीनंतर म्हणाले, रद्द करा, आता मोजायचंय काय." काकूंना बाकी काही ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

गाडी विकली, होडी कुठे आहे माहीत नाही. काकांची पट्टी मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे, कानशीने लांबट झालेल्या भोकासकट. मी फक्त "चुकलंय, परत" म्हणायला हवं होतं. त्यांनी परत मोजलं असतं, पुन्हा चुकले असते, चिडले असते, आणि मग डोळे दाखवायला गेले असते. मला ते चाळीस वेळा म्हणाले होते. मी त्यांना एकदाही म्हणू शकलो नाही.