समेटात न बसलेल्या मावश्या

"ताई, आम्ही उद्या कामावर जातोय. विचारायला नाय आलो, सांगायला आलोय," सुनंदा म्हणाली.

रोह्याच्या शाळेसमोर, रस्त्यापलीकडे आमचा संपाचा मंडप होता. मंडप म्हणजे बांबू आणि निळी ताडपत्री. मी पेणहून मेमू लोकलने नुकतीच पोचले होते, पर्सही खाली ठेवली नव्हती. सुनंदा शाळेच्या बसमधली मावशी, तिच्या मागे रोह्याच्या बाकीच्या संपकरी बायका उभ्या होत्या. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

मी एका शाळेत क्लार्क होते. रिटायर झाल्यावर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या युनियनची सेक्रेटरी झाले. शिक्षकेतर म्हणजे शिकवणारे सोडून शाळेतले बाकी सगळे. शिपाई, सफाईवाल्या, लॅबमधले मदतनीस, बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या मावश्या. यांच्यातलं कुणी एक दिवस आलं नाही तर शाळेला कळतं, एरवी कळत नाही.

भांडण साधं होतं. एकाच संस्थेच्या दोन शाळा, एक पेणला, एक रोह्याला. दोन्ही विनाअनुदानित, म्हणजे पगार सरकार देत नाही, फीमधून संस्था देते. लॉकडाऊनमध्ये संस्थेने इन्क्रिमेंट, म्हणजे दरवर्षीची पगारवाढ, बंद केली. ते समजण्यासारखं होतं. पण पुढे शाळा भरल्या, फी वाढली, नवीन इमारतीला लिफ्ट लागली, इन्क्रिमेंट काही सुरू झाली नाही. पत्रं दिली, भेटी घेतल्या. शेवटी रीतसर नोटीस देऊन संप केला.

"आता का माघार?" मी सुनंदाला विचारलं.

"काल संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांचा माणूस घरी आलेला. म्हणाला, रोहा कामावर आलं तर रोह्याची वाढ लगेच चालू. पेणचं पेण बघून घेईल."

"आणि तुला पटलं?"

"पटायचं काय त्यात? घरात सासू आजारी हाय. नवऱ्याला कंपनीत कधी शिफ्ट मिळते, कधी नाय. पेणवाल्यांचं बरं हाय, ते हातावर हात ठेवून नाय बसलेत."

ते खरं होतं. गणपती जवळ आले होते. पेणचे आमचे बरेचसे लोक जवळच्याच हमरापूर, जोहे या गावांकडचे. या दिवसांत तिथल्या गणपतीच्या कारखान्यांना माणसं कमी पडतात. सकाळी मंडपात हजेरी, दुपारनंतर रंगकाम. त्यांचा संप आरामात चालला होता. रोह्यात असलं काही नव्हतं. संस्थेला हे बरोबर ठाऊक होतं, म्हणून तिने रोह्याचंच दार ठोठावलं.

"मला उद्याचा दिवस दे," मी म्हटलं. सुनंदाने मागे वळून बघितलं. एकीने मान हलवली. "एकच दिवस," ती म्हणाली.

परत पेणला आले. रमाकांत आमचा पेणचा प्रमुख, शाळेत शिपाई. हमरापूरला चुलतभावाच्या कारखान्यात एका मूर्तीला पीतांबराचा रंग देत होता. तिथे जाऊन मी सगळं सांगितलं.

"रोहा फुटणारच होतं," तो ब्रश न थांबवता म्हणाला.

"रोहा उपाशी आहे रमाकांत. फुटलेलं नाही."

"मग मी काय करू?"

"तुझ्या भावाला माणसं हवीत ना?"

"त्यांना रंगकाम येतं काय? डोळ्यांची आखणी शिकायला आमचं आयुष्य गेलं."

"आखणी नको देऊस. घासायला तर येईल."

मूर्ती साच्यातून निघाली की तिच्यावर रेघा, खडबडीत जागा राहतात. रंगाआधी ती पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करावी लागते. कंटाळवाणं काम. धूळ नाकातोंडात जाते. रमाकांतने ब्रश पाण्यात ठेवला, फोन उचलला आणि चुलतभावाला, मग शेजारच्या कारखानदाराला विचारलं. दोघे हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुनंदा आणि तिच्या बायका सकाळच्या मेमूने हमरापूरला उतरल्या. संध्याकाळी पांढऱ्या धुळीने माखून परत निघाल्या. "चल गो, भूत दिसतेस," एक दुसरीला म्हणत होती. संप टिकला.

मग कामगार ऑफिसचं बोलावणं आलं. तिथे समेट अधिकारी असतो. त्याने दोन्ही बाजूंना समोर बसवून मधला मार्ग काढायचा. निकाल देणं त्याचं काम नाही, त्यामुळे तो सगळ्यांशी गोड बोलतो. आमच्याकडून मी, रमाकांत आणि सुनंदा. समोर संस्थेचे सेक्रेटरी आणि त्यांचे वकील.

सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून इन्क्रिमेंट चालू. दोन्ही शाळा. सर्व कर्मचारी."

रमाकांतने सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात वकील म्हणाले, "सर्व म्हणजे संस्थेच्या रोलवरचे, आमच्या पगारपत्रकावरचे. बसच्या मावश्या कंत्राटदाराच्या आहेत. त्यांच्याशी आमचा संबंध नाही."

"सुनंदा शाळेच्या पहिल्या बसपासून आहे," मी म्हटलं. "कंत्राटदार मागाहून आला."

"कागदोपत्री आज त्या त्याच्याकडे आहेत, मॅडम."

अर्धा तास वाद घातला. वकील हलले नाहीत. अधिकारी म्हणाले, "मावश्यांचा वेगळा क्लेम दाखल करा. बाकीच्यांचं कशाला अडवता?"

आम्ही बाहेर पॅसेजमध्ये आलो. रमाकांत भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, माझी माणसं आता थांबायची नायत. मूर्ती गाड्यांत भरून चालल्यात, कारखान्यातलं काम संपलं. पुढे खायचं काय?"

सुनंदाने मला विचारलं, "आम्ही गेलो नसतो हमरापूरला, तर संप टिकला असता?"

"नाही."

मला घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं, एवढंच आठवतं.

"करा सही," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर करा. उद्या दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

आत जाऊन मी समेटाच्या कागदावर सही केली. ती माझ्या शेजारी उभी राहून बघत होती. सेक्रेटरींनी सगळ्यांसाठी चहा मागवला. सुनंदाने तो प्यायला, कप जागेवर ठेवला आणि स्टेशनकडे चालायला लागली.

इन्क्रिमेंट सुरू झाली. मावश्यांचा क्लेम आम्ही दाखल केला, त्याला तारखा पडताहेत. वकिलाच्या खर्चासाठी रमाकांत वर्गणी मागत फिरला. काहींनी दिली. काही म्हणाले, आमचं तर मिटलं ना. तारखेला सुनंदा रजा टाकून येते. त्या दिवसाचा पगार कंत्राटदार कापतो. माझ्याशी कामापुरतं बोलते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवा दुसऱ्या एका शाळेचे शिपाई आले होते. मागणीपत्र करायचं होतं. पहिलीच ओळ त्यांनी सांगितली, सर्व कर्मचाऱ्यांना वेतनवाढ मिळावी. मी म्हटलं, आधी सर्व म्हणजे कोण ते ठरवा, आणि त्यातल्या सगळ्यांत शेवटच्या बाईला घेऊन या. मग लिहू. ते जरा वैतागूनच परत गेले. अजून आलेले नाहीत.