गाल टेकवायची पट्टी

आमच्या मुलीकडे रायफलच्या सुट्या भागांचा एक डबा होता, मूळचा श्रीखंडाचा. त्यात रबरी कड्या, स्प्रिंगा, बारीक स्क्रू, एक जादा ट्रिगर. तिची एअर रायफल परदेशी बनावटीची. साधी कडी गेली तरी नवी यायला महिने लागत. "बाबा, ऐन स्पर्धेत हवा गळायला लागली तर काय पंक्चरवाल्याला बोलावू?" असं ती म्हणायची. हिंजवडीतली नोकरी सांभाळून ती पहाटे नेमबाजीच्या रेंजवर जायची. एवढी तयारी लग्नाची केली असतीस तर नातवंडं खेळवली असती, असं मी तिला चिडवायचो. असले विनोद मला तेव्हा सुचायचे.

डेंग्यूचं निमित्त झालं आणि ती आठवड्यात गेली.

नारायण पेठेतल्या आमच्या घरात रायफलची पेटी कपाटावर राहिली. काही दिवसांनी रेंजवरची तिची एक मैत्रीण चाचरत कडी मागायला आली. सुट्या भागांचं दुकान बंद आहे, असं मी सांगणार होतो, तेवढ्यात बायकोने आतून डबाच आणून तिच्या हातात दिला. मैत्रीण गेल्यावर बायको मला म्हणाली, "लोखंडाला काय कवटाळून बसायचं? कुणाची तरी स्पर्धा हुकणार नाही."

डबा रिकामा झाला. मग रायफलचेच भाग जायला लागले. ट्रिगर गेला, हवेचं सिलिंडर गेलं, नेम धरायची नळी गेली. नेणारे सगळे प्रामाणिक. त्यांनी मागवलेला भाग आला की तो नवाकोरा आमच्या रायफलला बसवून देत, वर पेढेही ठेवून जात. जुन्याच्या बदल्यात नवं दिलं, याचं त्यांना समाधान. मला तिच्या बोटाने गुळगुळीत झालेला तो जुना ट्रिगरच हवा होता. पण हे सांगायचं कसं? रायफल दिवसेंदिवस नवी होत गेली आणि मला तिचा राग यायला लागला.

नेम धरताना गाल टेकवायची पट्टी तेवढी जुनी उरली. कितीतरी दिवस खालीवर करून मुलीने ती आपल्या चेहऱ्याच्या उंचीला बसवली होती. पुसायलाही कुणाला हात लावू देत नसे.

गेल्या महिन्यात एक कॉलेजातली मुलगी आली. तिची पट्टी तडकली होती आणि स्पर्धा तोंडावर आली होती. मी सरळ नाही म्हणालो. ती उठली. बायको म्हणाली, "अहो, द्या."

"ती उंची मोडेल," मी म्हणालो.

"काकू, मी खूण करून ठेवू का?" त्या मुलीने विचारलं. "परत आणली की तिथेच बसवेन."

बायकोने रायफल टेबलावर ठेवून घेतली, पदराने हात पुसले आणि वाकून त्या पट्टीवर गाल टेकवला. डोळे मिटून ती बराच वेळ तशीच राहिली. आजवर सगळं हसतमुखाने देऊन टाकणारी बाई. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, मी खिडकीबाहेर.

मग बायको सरळ झाली. गालावर पट्टीच्या कडेचा वळ उमटला होता.

"खूण कशाला?" ती म्हणाली. "आता तिथे गाल कोण टेकवणार आहे? काढ तू."

त्या मुलीने स्क्रू ढिला केला, तशी पट्टी घसरून खाली आली.