मल्हारी आला का

रोहिणी पगारे कुठल्याही मशीनला लगेच हात लावत नसे. आधी शेजारी बसून बघायची. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते. पट्टा तुटायच्या आधी त्याचा आवाज बदलतो, तो ओळखायला शिकावं, असं ते म्हणत. रोहिणीने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, नाशिकरोड ते सिन्नर पट्ट्यातल्या लहान कंपन्यांची मशीनं सांभाळायला घेतली, तरी घरची ही सवय सुटली नाही. अडचण एवढीच की कॉम्प्युटरला आवाज नसतो. म्हणून ती ट्रेसिंगची साधनं वापरे. कॉम्प्युटरच्या गाभ्यात कर्नल असतो. कुठल्याही प्रोग्रॅमला फाइल उघडायची असो की एखाद्या तारेत वीज सोडायची असो, कर्नलला विचारल्याशिवाय चालत नाही. ट्रेसिंग म्हणजे त्या उंबऱ्याशी बसून कोण आलं, कधी आलं आणि काय मागितलं, हे लिहून घेणं.

यंदा माघात सिन्नरच्या सोमनाथशेठनी तिला त्यांच्या कोल्ड स्टोरेजवर बोलावलं. तिथलं सगळं बघणारा ऑपरेटर मल्हारी दोन वर्षांपूर्वी घरी झोपेतच गेला, तेव्हापासून चार नंबरची खोली बंद होती. यंदा द्राक्षं भरपूर आली, म्हणून ती उघडली. आणि त्या आठवड्यापासून दुपारी बारा चाळीसला ऑफिसातली घंटा वाजू लागली. चार नंबरमध्ये माणूस अडकलाय, असा तिचा अर्थ. पहिले काही दिवस सगळे धावले. दार उघडलं की आत पेट्यांच्या रांगा आणि पांढरा वाफारा, माणूस कुठेच नाही. मग कोणी उठेनासं झालं. मल्हारी अजून आतच आहे, असं हमाल भाकरी मोडता मोडता बोलू लागले.

सोमनाथशेठ भुताला भीत नव्हते, काम थांबायला भीत होते. दोन दिवसांत कारण सापडलं नाही तर घंटेची वायर तोडायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. रोहिणीला तेच नको होतं. त्या जाड दारातून आतल्या माणसाची हाक बाहेर येत नाही. खरंच कोणी अडकलं, तर त्याला त्या घंटेशिवाय दुसरा आवाज नव्हता.

साधनं बसवतानाच तिला पहिला धक्का बसला. ती ज्या कर्नलवर बसवायची, त्याला तंतोतंत जुळणाऱ्या फाइली लागतात. डिस्कवर नवा कर्नल येऊन पडला होता, पण मशीन तीन वर्षांत एकदाही बंद झालं नव्हतं. आत अजून जुनाच कर्नल जागा होता, मल्हारीने स्वतःच्या हाताने सुरू केलेला. मशीन बंद करावं तर बाकीच्या खोल्यांचं तापमान त्याच्यावर अवलंबून. तिने जुन्या फाइली कुठून कुठून शोधून आणल्या आणि साधनं बसवली.

बसवल्याबरोबर पडद्यावर ओळी धावू लागल्या. ती जी फाइल बघे, तीच कोणीतरी त्याच क्षणी उघडत होतं. तिने हात थांबवला की तेही थांबे. तिच्या अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, ते तिचंच बघणं होतं, साधनाने तिलाही टिपलं होतं. तिने स्वतःला यादीतून वगळलं. पडदा शांत झाला.

बारा चाळीसला घंटा वाजली आणि घंटेच्या तारेत वीज सोडणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव पडद्यावर उमटलं. इंग्रजी अक्षरांत, शब्दांमध्ये आडव्या रेघा देऊन लिहिलेलं, पण मराठी: मल्हारी आला का.

तिने त्या नावाचा प्रोग्रॅम मशीनवर सगळीकडे शोधला. नव्हता. पुन्हा शोधला. नव्हताच. वायरमन दीपकने तिच्या खांद्यावरून ते नाव मोठ्याने वाचलं आणि तासाभरात ते सगळ्या हमालांच्या तोंडी झालं. उद्या वाजली की तोडायची, असं शेठनी दीपकला बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिन्नरच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून ती बोटांच्या पेरांवर ते नाव मोजत होती. मधल्या रेघा धरून अक्षरं बरोबर पंधरा भरली. कर्नल कुठल्याही प्रोग्रॅमच्या नावाची पंधराच अक्षरं लक्षात ठेवतो, पुढची छाटून टाकतो. ही गोष्ट तिला कित्येक वर्षं माहीत होती. कालच्या भीतीने ती झाकली गेली होती.

या अक्षरांनी सुरू होणारं नाव तिने शोधलं आणि ते लगेच सापडलं: मल्हारी आला का बाहेर.

आत दहाच ओळी होत्या. जेवणाच्या सुट्टीत मल्हारी एकटाच चार नंबरमध्ये जाई, दुसरं कोणी जात नसे. बारानंतर दार उघडलं म्हणजे मी आत गेलो, असं त्याने मशीनला सांगून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर दाराशेजारचं हिरवं बटण मी दाबीन. बारा चाळीसपर्यंत दाबलं नाही, तर घंटा वाजव. ते बटण निकामी आहे, असंच सगळे धरून चालले होते.

रोहिणीला हायसं वाटलं, पण क्षणभरच. मग रोज बाराला दार उघडतं कोण? पडद्यावर आजची ओळ आली होती: दार उघडलं, बारा अकरा. घड्याळात बारा अडतीस झाले होते. हमाल शेडमध्ये जेवत होते. दीपक पकड घेऊन स्टुलावर चढला होता.

घंटा वाजली. शेडमधल्या एकानेही मान वर केली नाही.

"तोड," शेठ म्हणाले.

"आधी दार उघडा," रोहिणी म्हणाली. "वायर मग तोडा. कोणीतरी आत गेलंय आणि बाहेर आलेलं नाही, एवढंच ती सांगतेय."

ती चालू लागली, म्हणून बाकीचेही मागून आले. दार ओढलं. वाफारा पायांवर आला, आणि त्यात दाराला टेकूनच एक माणूस उभा होता. भुवया पांढऱ्या, ओठ काळेनिळे. दीपक दोन पावलं मागे सरला.

तो भिकन होता, हमालांतला सगळ्यात वयस्कर. एका हातात लाकडी मोगरी, दुसरा हात आतल्या कडीवर. कडी बर्फाने गच्च झाली होती.

त्याला उन्हात आणून बसवलं, अंगावर पोती टाकली. चहाचा दुसरा कप पोटात गेल्यावर त्याला बोलता आलं. आज दार मागून लागलं आणि गोठलेली कडी मोगरीने ठोकूनही सुटली नाही. कडी रोज गोठते आणि मल्हारी रोज तिच्यावरचा बर्फ ठोकायचा. तो गेल्यावर आता कोण ठोकणार, म्हणून खोली उघडल्यापासून भिकन जाई. कोणाला न सांगता, पाच-दहा मिनिटं, आणि परत येऊन जेवायला बसे. मग घंटा वाजे. त्यालाही वाटे, मल्हारीच आपल्यामागून आत गेलाय.

"माझं काम बघाया येतुय, असं वाटायचं," तो म्हणाला. "लय कडक व्हता कामाला. म्हनून कुनाला बोललो नाय."

शेठनी दीपकच्या हातातून पकड काढून घेतली. घंटा राहील आणि कडी उद्याच बदलायची, असं ते म्हणाले आणि भिकनच्या शेजारी पोत्यावर बसून राहिले.

संध्याकाळी रोहिणीने भिकनला दाराशी नेऊन हिरवं बटण दाखवलं.

"मल्हारी वारला, ते या मशीनला ठाव नाय?"

"कोणी सांगितलंच नाही, मामा."

"मंग ह्ये दाबलं की त्याला काय कळतं?"

"मल्हारी बाहेर आला, असं."

भिकन बटणाकडे बघत राहिला. मग टॉवेलला हात पुसून त्याने ते दाबलं, आणि वळून बंद दाराकडे पाहिलं.