रेंज नसलेल्या फोनातले व्हिडिओ

शहाद्यातल्या आमच्या संघटनेच्या खोलीत कॉम्प्युटर एकच, पण त्यात सिस्टिम दोन. पत्रकांची मांडणी करणारा माझा मित्र विंडोज लावायचा, कारण त्याचे जुने मराठी फॉन्ट तिथंच चालतात. मी लिनक्स लावायचो, कारण ते फुकट आणि कुणाच्या बापाचं नाही. फायलींचा ड्राइव्ह मात्र सामाईक, क्लाउडला जोडलेला.

त्यात सातपुड्यातल्या बायांनी काढलेले व्हिडिओ होते. रेशन दुकानात मशीनला रेंज नाही, अंगठा लागत नाही, म्हणून धान्य नाही. माणूस समोर, पोतं समोर, तरी नाही! दुसऱ्या दिवशी तहसीलदारांना हेच दाखवायचं होतं. फोनांत जागा नाही म्हणून बायांनी मूळ व्हिडिओ कधीच काढून टाकले होते.

भेटीच्या आदल्या सकाळी मी लिनक्स लावलं. मित्रानं विंडोज पूर्ण बंद न करता नुसतं झोपवलं होतं, त्यामुळे सामाईक ड्राइव्ह उघडलाच नाही. फायली क्लाउडशी जुळवत राहणाऱ्या सिंकला फोल्डर रिकामा दिसला, त्यानं क्लाउडवरूनही सगळं पुसलं. घाबरून विंडोज लावलं, तर तिथल्या सिंकनं क्लाउडचं ऐकून ड्राइव्हही साफ केला. फुकटच्या क्लाउडला पुसलेलं परत मिळेल अशी कचरापेटी नव्हती.

"तुन्हा लिनक्सनी समदं खाई टाकं ना भो!"

"आणि तुझं विंडोज काय उपाशी बसलं?"

भांडता भांडता तोच थांबला. "वरल्या ताईना फोन मा व्हई!"

वरली ताई म्हणजे आमची धडगावच्या वरच्या पाड्यातली कार्यकर्ती. रेंजशिवाय लोकांना दाखवता यावं म्हणून तिनं सगळा फोल्डर फोनात उतरवून ठेवला होता. पुसल्याची खबर तिच्या फोनाला अजून पोचली नव्हती. पण आज धडगावचा बाजार. ती रेंजमध्ये उतरली की तिच्याकडचंही जाणार. आणि कळवायचं कसं? तिला फोन लागतच नाही.

आम्ही दोघांनी मोटरसायकल काढली. धडगाव मागे टाकून समोरून येणारी प्रत्येक जीप अडवली. एकीच्या मागच्या फळीवर ती उभी, काखेत कोंबडी.

"ताई, फोन बंद कर!"

"का रे दादा, कोण मेलं?"

रेंजची एक काडीही आली नव्हती. सगळं सांगितल्यावर ती खूप हसली. "फोन एकटा नाही येणार. मी पण येते."

मोटरसायकलवर तिघं, कोंबडीही. खोलीत फोनाचं नेट बंदच ठेवून केबलनं व्हिडिओ उतरवले. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांसमोर मात्र तिनं स्वतःचाच फोन धरला. "साहेब, हा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा."

त्यांनी बघितला. रेंज नाही त्या पाड्यांत सही घेऊन धान्य द्या, असं दुकानदाराला तिथूनच निरोप पाठवून सांगितलं. लेखी अजून दिलेलं नाही, आणि ते घेतल्याशिवाय आम्ही सोडणार नाही. पण त्या महिन्याचा तांदूळ पाड्यात पोचला.